विश्लेषण : विषाणू तोच, मग ‘चौदा दिवस’ का बदलले?

रविवारी लग्नाला हजेरी लावली. सोमवारी काही नाही, मंगळवारी काही नाही आणि बुधवारी रात्री घसा धरला. संसर्ग लग्नातच झाला का? २०२० मधल्या मूळ करोना विषाणूबाबत हा प्रश्न विचारला असता, तर ‘त्याच्याही आधी कुठे तरी झाला असण्याची शक्यता जास्त’ असे उत्तर मिळाले असते. २०२२ मधल्या ओमायक्रॉनबाबत उत्तर होते, ‘बहुधा हो, लग्नातच’. आजाराचे नाव तेच, विषाणूचे कूळ तेच. बदलला तो शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ.

हा काळ दोनेक दिवसांनी आखडला, एवढेच. पण त्या दोन दिवसांवर हातावरचा क्वारंटाइनचा शिक्का, विमानतळावरचे नियम, चाचणीचा दिवस आणि घरातल्या आजीला भेटायचे की नाही, हे सगळे अवलंबून होते. नियम बदलत गेले, त्यामागचे गणित मात्र लोकांपर्यंत पोहोचले नाही. परिणामी ‘आधी चौदा म्हणाले, मग दहा, मग सात; यांनाच काही कळत नाही’ असा समज घरोघरी पक्का झाला. तो समज पुसायचा असेल तर आकड्यांच्या मुळाशी जावे लागते.

अधिशयन काळ म्हणजे नेमके काय?

विषाणू शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘इन्क्युबेशन पिरियड’ तो हाच. या काळात विषाणू स्वस्थ बसलेला नसतो, पेशींत शिरून स्वतःच्या प्रती काढत असतो. माणसाला त्याचा पत्ता नसतो.

इथे एक गल्लत नेहमी होते. लक्षणे दिसणे आणि संसर्ग पसरवण्याची क्षमता येणे, या दोन वेगळ्या घटना आहेत आणि करोनामध्ये दुसरी घटना बऱ्याचदा पहिल्याच्या आधी घडते. २००३ मध्ये पसरलेल्या सार्समध्ये तसे नव्हते. तिथे रुग्ण आजारी पडल्यानंतर, तोही बरेचदा रुग्णालयात पोहोचल्यावर, जास्त संसर्गजन्य होई. म्हणून ताप मोजायचा, आजारी माणूस बाजूला काढायचा, एवढ्यावर ती साथ आटोक्यात आली. करोनाने ही सोय ठेवली नाही. २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज होता, की सुमारे ४४ टक्के संसर्ग पहिल्या रुग्णाला लक्षणे दिसण्याआधीच पुढे गेलेला असतो. सोसायटीच्या फाटकावरची तापमापक बंदूक या आकड्यापुढे शोभेची वस्तू होती.

मग चौदा दिवस आले कुठून?

अनेकांना वाटते की विषाणू चौदा दिवस शरीरात दबा धरून बसतो. तसे नाही. २०२० च्या मार्चमध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात १८१ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात मधला आकडा ५.१ दिवसांचा निघाला. म्हणजे निम्म्या लोकांना त्याआधी लक्षणे दिसली, निम्म्यांना नंतर. ज्यांना लक्षणे येतात त्यांच्यापैकी ९७.५ टक्के लोकांना ती ११.५ दिवसांच्या आत येतात, असेही त्यात म्हटले होते. चौदा दिवस लक्ष ठेवले, तरी दर दहा हजारांत साधारण १०१ जणांची लक्षणे त्यानंतर दिसतील, असा हिशेबही संशोधकांनी मांडला.

थोडक्यात, पाच हा मधला आकडा आणि चौदा ही शेपटी. अधिशयन काळाचा आलेख डोंगरासारखा दोन्ही बाजूंनी सारखा उतरत नाही. डावीकडे झपकन चढतो आणि उजवीकडे लांबवर रेंगाळतो. फिलिप सार्टवेल या साथरोगतज्ज्ञाने १९५० मध्येच दाखवले होते, की बहुतेक संसर्गजन्य आजारांचा अधिशयन काळ असाच वागतो. क्वारंटाइनचे दिवस ठरवताना सरासरी पाहून चालत नाही, शेपटीत किती माणसे सुटून गेलेली चालतील ते ठरवावे लागते. हा निर्णय अर्धा विज्ञानाचा आणि अर्धा प्रशासनाचा असतो.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला शाईचा शिक्का मारायला सुरुवात केली. त्यावर कोणत्या तारखेपर्यंत घरात राहायचे ते लिहिलेले असे. तेव्हाच्या माहितीवर तो निर्णय योग्यच होता. पण त्या शाईने एक आकडा लोकांच्या मनातही पक्का केला आणि पुढे विषाणू बदलला तरी मनातला आकडा बदलला नाही.

उपप्रकारांमध्ये फरक किती?

बीजिंगमधील संशोधकांनी जगभरातले १४२ अभ्यास आणि त्यांतले आठ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र धरून २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये निष्कर्ष मांडले. अल्फाचा सरासरी अधिशयन काळ ५ दिवस, बीटाचा ४.५, डेल्टाचा ४.४१ आणि ओमायक्रॉनचा ३.४२ दिवस. उतरंड स्पष्ट आहे. फ्लूचा काळ एक ते चार दिवस, सरासरी दोन दिवसांच्या आसपास असतो. म्हणजे करोना फ्लूच्या दिशेने सरकत गेला, असे म्हणता येईल.

ओमायक्रॉनबाबतचा सर्वांत बोलका पुरावा मात्र नॉर्वेतल्या एका मेजवानीतून मिळाला. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉनचे बारसे केले त्याच दिवशी, ऑस्लोत एका कंपनीची नाताळपूर्व पार्टी झाली. शंभरहून थोडे अधिक लोक होते, बहुतेकांनी लशीच्या दोन मात्रा घेतल्या होत्या. पुढच्या काही दिवसांत सुमारे तीन चतुर्थांश लोक आजारी पडले. अधिशयन काळाचा मधला आकडा निघाला तीन दिवस. या अभ्यासाचे मोल असे की संसर्ग कधी झाला, याची तारीख जवळपास नक्की होती. एक संध्याकाळ, एक सभागृह. असे योग साथरोगशास्त्रात वारंवार येत नाहीत.

आता या उतरंडीवर जरा शंका घेऊ. डेल्टाचा आकडा ४.४१ दिला, पण २०२१ च्या मे-जूनमध्ये चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात डेल्टाची जी लागण झाली, तिच्या अभ्यासात सरासरी ५.८ दिवस निघाली. त्याच डेल्टाचे दोन आकडे, आणि दोन्ही आपापल्या जागी प्रामाणिक. विश्वास कशावर ठेवायचा? त्यासाठी हे दिवस मोजतात कसे आणि ते मुळात घटले कशाने, ते पाहायला हवे.

दिवस घटण्याचे कारण काय?

पहिले कारण विषाणूच्या स्वभावातले आहे. हाँगकाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी मानवी श्वासनलिकेच्या ऊतींवर ओमायक्रॉन आणि डेल्टा वाढवून पाहिले. चोवीस तासांनंतर श्वासनलिकेत ओमायक्रॉनच्या प्रती डेल्टापेक्षा जवळपास सत्तर पट निघाल्या. फुप्फुसाच्या ऊतीत मात्र तो मूळ विषाणूपेक्षा दहा पटीहून अधिक संथ होता. वरच्या मजल्यावर घाई, तळमजल्यावर आळस. घसा खवखवणे, नाक वाहणे ही वरच्या मजल्यावरची लक्षणे लवकर का दिसू लागली, याचा बराचसा उलगडा इथे होतो. प्रयोगशाळेतल्या ऊतीला स्वतःची प्रतिकारयंत्रणा नसते, हे मात्र ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरे कारण विषाणूत नसून माणसात आहे. ताप, अंगदुखी, थकवा हे सगळे विषाणू ‘करत’ नाही. त्यातले बरेच काही शरीराच्या प्रतिकारामुळे होते. २०२० मध्ये शरीराला हा पाहुणा पूर्ण अनोळखी होता, प्रतिकार जागा व्हायला वेळ लागे. २०२२ पर्यंत लस किंवा आधीचा संसर्ग यांमुळे शरीर त्याला ओळखू लागले होते. ओळखीच्या चोरावर कुत्रे लवकर भुंकते. विषाणूची संख्या कमाल पातळीवर जाण्याआधीच लक्षणे दिसू लागण्यात या आधीच्या ओळखीचा वाटा असल्याचे अनेक तज्ज्ञ मानतात. तसे असेल तर घटलेल्या दिवसांचे सगळे श्रेय उपप्रकाराला देणे चुकीचे ठरते.

तिसरे कारण मोजपट्टीतले आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. वुहानला जाऊन आलेला प्रवासी तिथे पाच दिवस राहिला असेल, तर संसर्ग पहिल्या दिवशी झाला की पाचव्या, हे कळायला मार्ग नसतो. ते संख्याशास्त्राने अंदाजावे लागते. शिवाय साथ वेगाने वाढत असताना ज्यांना लक्षणे लवकर दिसतात तेच आधी नोंदले जातात. उशिरा आजारी पडणारे अजून यादीत आलेलेच नसतात. त्यामुळे चढत्या साथीच्या सुरुवातीचे आकडे खरे असतात त्याहून छोटे दिसण्याचा धोका असतो. आणि ‘लक्षण’ कशाला म्हणायचे? २०२० मध्ये ताप-खोकल्याने दवाखाना गाठला की नोंद होई. २०२२ मध्ये घरात चाचणीचे किट होते आणि घशात जरा काटा टोचला तरी माणूस तारीख लक्षात ठेवत होता.

ही शंका नुसती तार्किक नाही. ब्रिटनमध्ये १८ ते २९ वयोगटातील ३६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडून त्यांना देखरेखीखाली ठेवण्याचा प्रयोग झाला. वापरलेला विषाणू अल्फाच्याही आधीचा, मूळ धाटणीचा होता. त्यांच्यापैकी १८ जणांना संसर्ग झाला. घड्याळ लावून मोजले तेव्हा लक्षणे साधारण दोन ते चार दिवसांतच दिसू लागली. विषाणूचे प्रमाण पाचव्या दिवसाच्या आसपास कमाल पातळीवर पोहोचले. म्हणजे ज्या मूळ विषाणूला आपण पाच दिवसांचा म्हणत होतो, तो तरुण माणसांमध्ये, बारीकसारीक लक्षणे टिपली तर, बराच लवकर जागा होत होता.

म्हणून ‘डेल्टा साडेचार, ओमायक्रॉन साडेतीन’ अशी पाटी लावून मोकळे होणे बरोबर नाही. घट खरी आहे. ऑस्लोसारख्या तारखा नक्की असलेल्या घटना तसे सांगतात. पण घटलेल्या दिवसांत विषाणूचा, आपल्या शरीराचा आणि मोजणाऱ्याचा असे तिघांचे भाग आहेत.

दोन दिवसांनी असा काय फरक पडतो?

चक्रवाढ व्याजाचे गणित शाळेत शिकलेल्या कोणालाही हे समजेल. समजा दर रुग्ण सरासरी दीड जणांना संसर्ग देतो आणि आज शंभर रुग्ण आहेत. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जायला पाच दिवस लागत असतील, तर तीस दिवसांत सहा फेऱ्या होतात आणि सहाव्या फेरीत सुमारे १,१४० नवे रुग्ण निघतात. तेच तीन दिवस लागत असतील तर दहा फेऱ्या होतात आणि दहाव्या फेरीत हा आकडा ५,७७० च्या आसपास जातो. विषाणू जराही ‘जास्त संसर्गजन्य’ झालेला नाही, फक्त व्याजाचा हप्ता लवकर पडू लागला. (दोन रुग्णांमधले हे अंतर आणि अधिशयन काळ तंतोतंत एक नव्हेत, पण सहसा एक आखडले की दुसरेही आखडते.)

मुंबईने हे अनुभवले आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत शहराची दैनंदिन रुग्णसंख्या फेब्रुवारीत वाढू लागली आणि अकरा हजारांच्या पुढे जायला एप्रिल उजाडला. तिसऱ्या लाटेत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रोज दोन-तीनशे रुग्ण सापडत होते आणि ७ जानेवारी २०२२ रोजी एका दिवसात २०,९७१. तीन आठवडेसुद्धा लागले नाहीत. ओमायक्रॉन प्रतिकारशक्तीला चकवतो हे त्याचे मोठे कारण होतेच. छोट्या हप्त्याने उरलेले काम केले. उतरतानाही लाट तितक्याच वेगाने उतरली.

याचा पहिला बळी ठरला संपर्क शोध. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रुग्ण सापडला तेव्हा तिथल्या सुमारे ८० टक्के लोकांना सार्वजनिक शौचालय वापरावे लागत होते. तरीही पालिकेच्या पथकांनी घरोघरी जाऊन, निकटवर्तीय शोधून, त्यांना शाळा-सभागृहांत हलवून ती साथ आवरली. त्या कामगिरीत पथकांच्या कष्टांइतकाच विषाणूच्या संथपणाचाही वाटा होता. आज नमुना, उद्या-परवा अहवाल, मग फोन, मग निकटवर्तीयांचा शोध, यात तीन-चार दिवस गेले तरी पाच दिवसांच्या विषाणूला गाठता येई. तीन दिवसांच्या विषाणूपुढे तीच पथके, तेवढ्याच तळमळीने, कायम एक फेरी मागे राहिली असती. १० जानेवारी २०२२ रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जोखीम नसलेल्या निकटवर्तीयांच्या चाचण्यांची गरज नाही असे सांगितले, तेव्हा ‘सरकारने हात वर केले’ अशी टीका झाली. खरे तर ती शर्यत तोवर हरलेलीच होती. ते सरळ शब्दांत मान्य केले असते, तर टीका कमी झाली असती.

चाचणी कोणत्या दिवशी करावी?

बाधित व्यक्तीला भेटल्याचे कळले की दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत धाव घेणारे आणि ‘निगेटिव्ह’ अहवाल घेऊन निर्धास्तपणे गावी जाणारे लाखो होते. यात सर्वांत मोठा धोका होता. २०२० मध्ये झालेल्या एका विश्लेषणानुसार, संसर्ग झाल्यानंतर पहिल्या दिवशी आरटी-पीसीआर केली तर बाधित माणूस निसटण्याची शक्यता जवळपास शंभर टक्के असते. चौथ्या दिवशी ती ६७ टक्के, लक्षणे दिसू लागतात त्या पाचव्या दिवसाच्या सुमारास ३८ टक्के आणि आठव्या दिवशी २० टक्के. म्हणजे पहिल्या दिवशीच्या ‘निगेटिव्ह’ अहवालाची किंमत कागदापुरतीच.

हे आकडे मूळ विषाणूचे आहेत. अधिशयन काळ घटला की हा सगळा तक्ता डावीकडे सरकतो. ओमायक्रॉनसाठी तिसऱ्या-चौथ्या दिवशीची चाचणी अधिक उपयोगाची ठरते. ग्वांगडोंगच्या अभ्यासात डेल्टाच्या बाबतीत जवळपास ७४ टक्के संसर्ग लक्षणे दिसण्याआधी झाल्याचे आढळले होते. त्यामुळे घरात वृद्ध, मधुमेही किंवा कर्करोगावर उपचार घेणारे कोणी असेल, तर पहिल्या चार-पाच दिवसांतला मास्क आणि वेगळी खोली पहिल्या दिवशीच्या कोणत्याही अहवालापेक्षा जास्त कामाची. वन रूम किचनमध्ये वेगळी खोली आणायची कुठून, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना तेव्हाही फारसा पडला नव्हता.

धोरणात नेमके काय चुकले?

नियम बदलले यात काही चूक नाही. विषाणू बदलल्यावर ते न बदलणे ही चूक ठरली असती. गोंधळ झाला तो दोन वेगवेगळे हिशेब एकाच नावाखाली सांगितल्यामुळे. निकटवर्तीयाला किती दिवस थांबवायचे हे अधिशयन काळावरून ठरते. रुग्णाला किती दिवस वेगळे ठेवायचे हे तो किती दिवस विषाणू बाहेर टाकतो त्यावरून ठरते. पहिल्याला अलगीकरण, दुसऱ्याला विलगीकरण असे दोन शब्द सरकारी कागदांवर होते. बोलण्यात त्यांची सर्रास अदलाबदल होई. ५ जानेवारी २०२२ रोजी केंद्राने सौम्य रुग्णांसाठी गृहविलगीकरण दहावरून सात दिवसांवर आणले, तो दुसऱ्या प्रकारचा निर्णय होता. त्याच आठवड्यात परदेशातून येणाऱ्या प्रवाशांना सात दिवस घरात राहून आठव्या दिवशी चाचणी करायला सांगितले गेले, तो पहिल्या प्रकारचा. दोन्हीकडे ‘सात’ आला आणि लोकांनी दोन्ही एकच धरले.

अमेरिकेतही फार वेगळे घडले नाही. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २७ डिसेंबर २०२१ रोजी विलगीकरण दहावरून पाच दिवसांवर आणले, पण बाहेर पडण्याआधी चाचणीची सक्ती केली नाही. कर्मचारी तुटवड्याने बेजार झालेल्या सेवांसाठी हे झाले, अशी शंका तिथल्या डॉक्टरांनीच घेतली. ब्रिटनने त्याच सुमारास सात दिवस ठेवले आणि सहाव्या व सातव्या दिवशी निगेटिव्ह अँटीजेन चाचणीची अट घातली. दोन्हीत ब्रिटनचा नियम जास्त प्रामाणिक म्हणावा लागेल. आकडा चुकला, तर तो पकडायला त्यात दुसरी चाळणी होती.

भारताच्या बाबतीत खंत वेगळीच आहे. इथे निकटवर्तीयांच्या याद्या होत्या, शिक्क्यांवर तारखा होत्या, अलगीकरण केंद्रांत रोजची नोंद होती. अशा नोंदींतून काय करता येते याचे उदाहरणही घरातलेच आहे. तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशातील ८४,९६५ रुग्णांच्या ५,७५,०७१ निकटवर्तीयांचा अभ्यास २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर वाखाणला गेला. महाराष्ट्रात तर डेल्टाचे कुळ, बी.१.६१७, सुरुवातीलाच आढळले होते. इथल्या याद्यांमधून, नावे वगळून, इथल्या माणसांचा अधिशयन काळ मोजून तो दर लाटेत जाहीर करणे अवघड नव्हते. त्याऐवजी नियम दुसरीकडच्या आकड्यांवर लिहिले गेले आणि लोकांना फक्त शेवटचा अंक कळवला गेला.

सध्याच्या उपप्रकारांचे काय?

डिसेंबर २०२३ मध्ये सिंधुदुर्गात आढळलेला जेएन.१ असो किंवा त्यानंतर आलेली त्याची भावंडे, सगळी ओमायक्रॉनच्याच वंशातली. त्यांच्यासाठीही दोन ते चार दिवसांचा अंदाज धरूनच डॉक्टर चालतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेने पाच दिवसांची अटही काढली. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल आणि लक्षणे उताराला लागली असतील, तर नेहमीचे व्यवहार करा, पण पुढचे पाच दिवस काळजी घ्या, असा नवा सल्ला आहे. आता हातावर शिक्का नाही आणि दारावर स्टिकरही नाही. दिवस मोजण्याचे काम ज्याचे त्याच्यावर आले आहे. मोजायला सुरुवात मात्र भेट झाली त्या दिवसापासून करावी लागते, घसा धरला त्या दिवसापासून नव्हे.